शंभर पेट्रोल, चारशेचा वेग

'रोड फायटर' हे नाव सांगितलं तर बरेच जण विचारात पडतात. 'व्हिडिओ गेममधली ती लाल गाडी, जिचं पेट्रोल संपायचं' असं म्हटलं की चाळिशीच्या आसपासचा माणूस लगेच ओळखतो. मग तो ऊर्जानगरचा असो, बल्लारपूरचा असो की आरमोरीचा. गेमचं इंग्रजी नाव पडद्यावर यायचं, पण ते वाचून कुणी गेम निवडत नव्हतं. आमच्याकडे त्याला 'कार रेस' म्हणत, काही जण नुसतंच 'गाडी' म्हणत. ज्या दुकानात हा गेम तासाने खेळायला मिळे, तिथे 'गाडी लाव ना भाऊ' एवढं पुरत असे.

जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८४ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या यंत्रासाठी काढला. पुढच्याच वर्षी तो निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्रावर आला. आपण खेळलो तो हा दुसरा, घरगुती अवतार. चाळीस वर्षांत गाड्यांचे शेकडो गेम आले, त्यात खऱ्याखुऱ्या गाड्या, खरे रस्ते, पावसाचे थेंब सगळं आलं. तरी हा गेम लोकांच्या फोनमध्ये आजही सापडतो. मी गेली काही वर्षं या प्रश्नाच्या मागे आहे. माझं औपचारिक शिक्षण यातलं नाही. टीव्ही आणि त्याला जोडायची यंत्रं दुरुस्त करता करता जे कळलं, त्याला पुढे वाचनाची जोड दिली, एवढंच.

लोक सहसा दोन उत्तरं देतात. एक, 'बालपणीची आठवण'. दोन, 'वेगाची मजा'. मला दोन्ही अपुरी वाटतात. बालपणी आपण वीस-पंचवीस गेम खेळलो, ते सगळे कुठे टिकले? आणि वेगाचं म्हणाल तर त्या काळात याहून वेगवान दिसणारे गेम होते. माझं म्हणणं असं की हा गेम टिकला तो त्याच्या पेट्रोलच्या हिशोबामुळे, आणि त्या हिशोबाभोवती जमणाऱ्या पोरांमुळे. ते नीट सांगायचं तर आधी थोडा इतिहास बघावा लागेल.

पडद्यावर रस्ता वरून खाली सरकतो आणि आपली गाडी खालच्या बाजूला राहून फक्त डावीउजवीकडे हलते, ही रचना १९७४ सालची आहे. ताइतो कंपनीचा 'स्पीड रेस' हा तो गेम. तो बनवणारे तोमोहिरो निशिकादो. यांनीच पुढे १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला आणि जगभर गाजवला. १९८२ साली नामकोचा 'पोल पोझिशन' आला आणि नजर बदलली. आता आकाशातून बघायचं नाही, गाडीच्या मागून बघायचं. पुढे क्षितिज, रस्ता दूरवर निमुळता होत गेलेला, फुजी पर्वताजवळची खरी शर्यतीची वाट. १९८६ मध्ये सेगाच्या यू सुझुकींनी 'आऊट रन' काढला. त्यासाठी ते युरोपात भाड्याच्या गाडीने हिंडून आले होते. त्यात उघडी लाल गाडी, रेडिओवर तीन सुरावटींतली एक निवडायची सोय, आणि दर टप्प्याच्या शेवटी रस्त्याला फाटा. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. 'आऊट रन' आजही जगात मानाने खेळला जातो आणि तो मान त्याला शोभतोही.

'रोड फायटर' या दोघांच्या मधला. पण नजर मात्र त्याने दहा वर्षं जुनी घेतली, तीच आकाशातून बघणारी. त्यात डोंगराआडून उगवणारा रस्ता नाही, संगीत निवडायची सोय नाही. शर्यतीत कितवा नंबर आला, हा प्रश्नच नाही. ब्रेकसुद्धा नाही. 'बी' बटण दाबलं की गाडी साधारण सव्वादोनशेपर्यंत जाते, 'ए' दाबलं की चारशेपर्यंत. वेग कमी करायचा तर बोट उचलायचं. कागदावर पाहिलं तर हा गरीब गेम आहे.

गरिबी यंत्राचीही होती. फॅमिकॉमच्या आत कामचलाऊ स्मृती फक्त २ किलोबाइट. 'रोड फायटर'ची पूर्ण कॅसेट, म्हणजे चित्रं, आवाज, रस्ते, नियम सगळं मिळून, ४० किलोबाइटच्या आत बसते. आज फोनवर काढलेल्या एका साध्या फोटोच्या जागेत असे पन्नास-साठ गेम मावतील. इतक्या कमी जागेत पळणारा रस्ता दाखवायचा तर एक युक्ती लागते. चित्र बनवणाऱ्या चिपमध्ये पार्श्वभूमीची दोन पानं असतात. या गेमला हवी तशी ती एकावर एक ठेवायची आणि पडदा ही त्यावरची खिडकी मानायची. खिडकी कुठून सुरू करायची हा एक आकडा बदलत नेला की रस्ता पळताना दिसतो. पहिलं पान खिडकीबाहेर गेलं की त्यावर पुढचा रस्ता रंगवून ठेवायचा. आपल्याकडच्या यात्रांमध्ये एके काळी पेटीत डोळा लावून चित्रांची गुंडाळी बघायला मिळे, तसंच हे, फक्त गुंडाळीची दोन टोकं जोडलेली.

गाड्यांची गोष्ट वेगळी. त्या पार्श्वभूमीवर नसतात, आठ ठिपके रुंदीच्या सुट्या तुकड्यांनी बनतात. असे तुकडे पडद्यावर एका वेळी ६४, आणि एका आडव्या रेषेत फक्त आठ. गाडी सोळा ठिपके रुंद धरली तर एका ओळीत चारच गाड्या झाल्या. पाचवी आली तर काहीतरी दिसेनासं होणार. 'रोड फायटर'च्या रस्त्यावर गर्दी कधीच नसते, त्याचं हे एक कारण असावं. पण गर्दी नसल्यामुळेच एक गोष्ट साधली. रस्त्यावर येणारी प्रत्येक गाडी आपल्याला ओळखता येते.

आणि ओळखणं हाच गेम आहे. पिवळी गाडी सरळ जाते. तिचं कुणाशी काही घेणंदेणं नाही. लाल गाडी आपण जवळ गेलो की पट्टा बदलते. निळी वाईट. ती मुद्दाम आडवी येते, आपण डावीकडे गेलो की डावीकडे. यांना धक्का लागला तर आपली गाडी घसरते आणि चपळाईने सावरता येते. ट्रकला लागला तर स्फोट. ट्रक मात्र स्वतः सरळच चाललेला असतो, त्याच्या मनात काही नसतं. शिवाय मध्येच एक रंगीबेरंगी गाडी येते. तिला मात्र धडकायचंच, कारण तिच्यामुळे पेट्रोल वाढतं.

म्हणजे पाच प्रकारची वाहनं आणि पाच स्वभाव. लहान मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या डावात कळतं. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खाणींकडचे कोळशाचे ट्रक रोज बघणाऱ्या आमच्या पोरांना तर ट्रकचा नियम सांगायची गरजच नव्हती. 'गाडी घासली तर चालेल, ट्रकच्या वाटेला जायचं नाही', हे त्यांना सायकल शिकताना घरीच सांगितलेलं असे. (या गेममुळे पोरं पुढे मोटारसायकली बेफाम चालवू लागली असं म्हणणारे पालकही मला भेटले आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, की ज्या गेममध्ये ट्रक दिसला की बाजूला व्हायचं हे सोडून दुसरं शिकायलाच मिळत नाही, त्याने बिघडवलं कसं?)

आता पेट्रोल. डाव सुरू होतो तेव्हा आकडा शंभर. तो आपोआप उतरत जातो. स्फोट झाला की आणखी काही एकक जातात आणि गाडी पुन्हा शून्य वेगापासून सुरू होते. इथे एक बारकाई आहे. त्या काळातल्या बहुतेक गेममध्ये 'तीन जीव' असत. तीनदा मेलात की संपलं. 'रोड फायटर'मध्ये जीव नाहीत. दहा वेळा आपटा, गाडी दहा वेळा परत मिळते. मरण एकच, पेट्रोलचं. प्रत्येक चूक, प्रत्येक कचरणं, प्रत्येक उगाच सोडलेलं बटण, या सगळ्याची किंमत एकाच आकड्यात मोजली जाते, आणि तो आकडा सतत समोर असतो.

त्यातही हा हिशोब खऱ्या आयुष्याच्या उलटा आहे. खरी गाडी सावकाश चालवली की पेट्रोल वाचतं. इथलं पेट्रोल अंतरावर जळत नाही, वेळेवर जळतं. जो भिऊन सव्वादोनशेने जातो त्याचं पेट्रोल मुक्कामाच्या अलीकडे संपतं. जो चारशेने जातो त्याचं उरतं, पण तो आपटायची शक्यता जास्त. कारण वरून बघताना पुढचा रस्ता मोजक्या गाड्यांच्या लांबीइतकाच दिसतो. 'पोल पोझिशन'मध्ये लांबून येणारं संकट क्षितिजावर ठिपक्यासारखं दिसतं, मोठं होत जातं. इथे ते पडद्याच्या वरच्या कडेतून थेट अंगावर येतं. वेग वाढवला की बघायला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणून दर क्षणाला एकच प्रश्न: आत्ता बोट 'ए'वर ठेवू की उचलू? बचत कशात आहे, धाडसात की सावधपणात? उत्तर दर वेळी वेगळं, आणि ते अर्ध्या सेकंदात द्यायचं. मला विचाराल तर चाळीस वर्षं न उतरलेली गोडी इथे आहे.

हा पेट्रोलचा काटा मुळात का आला असावा? आर्केडचा मालक नाण्यावर जगतो. एक गिऱ्हाईक यंत्राला अर्धा तास चिकटून बसलं तर धंदा बुडाला. म्हणून प्रत्येक आर्केड गेमला गिऱ्हाइकाला सन्मानाने हाकलायची काहीतरी सोय लागे. 'आऊट रन'मध्ये वरचं घड्याळ होतं. कोनामीने त्या घड्याळालाच पेट्रोलचं नाव दिलं. काम तेच. पण घड्याळ संपलं की माणसाला वाटतं, आपल्याला अडवलं. पेट्रोल संपलं की वाटतं, आपणच उधळलं. नुसत्या नावाने किती फरक पडतो बघा.

हा गेम जपानी आर्केडमधून ऊर्जानगरच्या क्वार्टरपर्यंत आला कसा, हा भाग कुठल्या पुस्तकात मिळत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. पुढे सात संच उभे राहिले, मिळून २३४० मेगावॉटचे. त्यासोबत ही वसाहत वाढली. राज्याच्या सगळ्या भागांतली माणसं इथे नोकरीला आली. पगार महिन्याच्या महिन्याला, टीव्ही जवळपास घरोघर, आणि वीज बनवणाऱ्यांच्या वसाहतीत वीज टिकून. नव्वदच्या दशकात बाजारात 'समुराई', 'मीडिया' अशा नावांची यंत्रं आली. पुढे महाकालीच्या यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांतसुद्धा स्वस्तातली यंत्रं लटकलेली दिसू लागली. यातली बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपांच्या प्रती बनवल्या, आणि पुढे तर सगळं यंत्र एकाच चिपमध्ये घातलं गेलं. ती चिप हिरव्या पट्टीवर डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली झाकलेली असे. असं यंत्र उघडून बसलं की त्या थेंबापुढे आमचे हात टेकलेले. नंबर नाही, पाय नाहीत, दुरुस्ती नाही. सुदैवाने तिथवर जायची वेळ क्वचित येई. बिघाड बहुतेक अडॅप्टरच्या तुटलेल्या वायरीत, पाच व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरमध्ये, नाहीतर रिमोटच्या बटणाखालच्या रबरात असे. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. 'ए' बटणाखालचं रबर आधी झिजायचं. कारण उघड आहे: चारशे.

आणि कॅसेटच्या पट्टीवर फुंकर मारायची नसते, हे इतकी वर्षं सांगूनही कुणी ऐकलं नाही. फुंकरेतल्या ओलाव्याने पट्टी काळी पडते. खोडरबर आणि थोडं स्पिरिट, हाच उपाय.

कॅसेटवर 'नऊ लाख नव्याण्णव हजार' असे आकडे छापलेले असत. आत खरे गेम मोजके, बाकी तेच पुन्हा पुन्हा, सुरुवातीचा टप्पा बदलून. 'रोड फायटर' अशा कॅसेटवर बहुधा असायचाच, आणि त्याचं कारण रसिकता नव्हती. तो छोटा होता. ज्या गेमना कॅसेटमध्ये जादा चिप लागत नाही आणि जे कमी जागेत मावतात, तेच अशा 'अनेकांत एक' कॅसेटला परवडत. कोनामीचे मोठे, भारी गेम मागे राहिले आणि हा किरकोळ गेम जग फिरून आला. किती फिरला? अमेरिकेत निन्टेंडोच्या यंत्रावर तो विकलाच गेला नाही. युरोपात १९९२ मध्ये, फार उशिरा गेला. पण रशियात 'डेंडी', पोलंडमध्ये 'पेगासस', चीनमध्ये 'सुबोर' या नावांनी फॅमिकॉमच्या नकला विकल्या गेल्या, आणि तिथल्या माणसांना ही लाल गाडी माहीत आहे. चंद्रपूरचा आणि वॉर्सोचा चाळिशीतला माणूस समोरासमोर आले तर त्यांना बोलायला हा एक विषय आहे. त्याच वयाच्या अमेरिकन माणसाला मात्र तो सांगून समजवावा लागेल.

या सगळ्यात कोनामीला ऊर्जानगरकडून किती पैसे मिळाले असतील? नकली यंत्रावरच्या नकली कॅसेटमधून, काहीच नाही. त्या काळात जपानी कंपन्या गेम बनवणाऱ्यांची नावंही पडद्यावर येऊ देत नसत. दुसरी कंपनी माणसं पळवील ही भीती. म्हणजे ज्यांनी हे निळ्या गाडीचं मन रचलं, त्यांना पैसेही आमच्याकडून नाहीत आणि नावानेही आम्ही त्यांना ओळखत नाही. 'गरीब देशाला दुसरा मार्ग काय होता' असं म्हणून हे झटकून टाकणारे आहेत. मार्ग नव्हता हे खरं. पण देणं होतं आणि ते राहिलं, हेही लिहून ठेवायला हवं.

आता पोरांकडे येतो. मी वर म्हटलं की गेम पेट्रोलच्या हिशोबामुळे टिकला, आणि त्या हिशोबाभोवती जमणाऱ्या पोरांमुळे. एका क्वार्टरमध्ये एक टीव्ही, एक यंत्र, रिमोट दोन, त्यातला एक बिघडलेला, आणि पोरं आठ. 'रोड फायटर' एकट्यानेच खेळायचा गेम आहे. दुसऱ्याला त्यात जागा नाही. तरी तो आठ जणांचा झाला, कारण डाव दोन-चार मिनिटांत संपतो. 'आऊट झाला का रिमोट दे बे' हा एकच कायदा. आर्केडच्या मालकाने गिऱ्हाईक हाकलायला केलेली सोय आमच्याकडे रांग चालवायला कामी आली. मारिओसारख्या गेममध्ये चांगला खेळणारा पोरगा पाऊण तास रिमोट सोडत नसे आणि बाकीचे कंटाळून बाहेर क्रिकेटला जात. 'गाडी'च्या वेळी कुणी उठत नसे.

उठत नसे याचं आणखी एक कारण, बघणाऱ्यालाही सगळं दिसतं. पेट्रोल किती, वेग किती, पुढे कुठली गाडी, आणि डाव्या बाजूच्या पट्टीवर मुक्काम किती दूर. काही लपलेलं नाही, काही वाचावं लागत नाही. म्हणून मागे बसलेले सातही जण खेळत असतात. 'निळी आहे, निळी!' 'पेट्रोल सोडू नको, धर तिला!' सल्ला द्यायला जेवढी माहिती लागते तेवढी सगळी सगळ्यांकडे. ज्या गेममध्ये प्रेक्षकाला खेळाडूइतकंच कळतं, तो गेम एकट्याचा राहत नाही. आमच्याकडे कबड्डी बघणाऱ्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

बराच वेळ कुठे न आपटता गाडी नेली की रस्त्याच्या कडेने अंगरखा फडकवत एक माणूस उडत जातो आणि हजार गुण देतो. तो कोनामीचा स्वतःचा नायक 'कोनामी मॅन'. पोरं त्याला सुपरमॅन म्हणत. गुणांशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं, पण सुपरमॅन ज्याला दिसला त्याचं नाव शाळेपर्यंत जाई. साक्षीदार सात असल्यामुळे थापही मारता येत नसे.

आवाजाचंही सांगतो. वसाहतीत वडील नाईट शिफ्ट करून आलेले असत आणि दिवसा झोपत. टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवायची अट असे. 'रोड फायटर' मुका खेळता येतो, काही बिघडत नाही. त्याचं इंजिनाचं गुरगुरणं छान आहे, पण नियम सगळे डोळ्यांना दिसतात. यामुळेही तो इतर गेमपेक्षा जास्त लागला असेल.

याहून मजेची गोष्ट काळ्या-पांढऱ्या टीव्हीची. रंगीत टीव्ही सगळ्यांकडे नव्हते. जुना काळा-पांढरा संच आतल्या खोलीत पोरांच्या हवाली होई. मग ज्या गेमचा सगळा भार रंगांवर, तो तिथे खेळायचा कसा? त्याचं उत्तर टीव्हीच्या गणितात आहे. काळा-पांढरा संच रंगीत चित्रातला फक्त उजेड दाखवतो, आणि उजेडात तीन रंगांचा वाटा सारखा नसतो. लाल ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, ८९ टक्के, म्हणजे जवळपास पांढरा. लाल मध्यम करडा. निळा सगळ्यांत काळसर. गेममधले रंग इतके शुद्ध नसतात, तरी क्रम हाच राहतो. म्हणजे जितकी गाडी काळी तितकी ती वाईट. पोरांना हे सूत्र कुणी शिकवलं नव्हतं. ती 'पांढरी, करडी, काळी' म्हणत आणि बरोबर खेळत. फक्त पेट्रोलवाली गाडी ओळखायला वेळ लागे, आणि त्यात काही जण तिला वाचवून पुढे जात व मागून ओरडा खात.

कोनामीने हे नाव पुढेही वापरलं. १९९५ साली 'मिडनाइट रन' हा 'रोड फायटर'चा दुसरा भाग म्हणून आर्केडमध्ये आला. गाडीच्या मागून बघायचा, रात्रीचा, दिमाखदार गेम. आपल्याकडे तो कुणाला आठवत नाही. पेट्रोलची कल्पना मात्र भलत्याच ठिकाणी उगवली. फिनलंडच्या फिंगरसॉफ्ट कंपनीचा 'हिल क्लाइंब रेसिंग' हा मोबाइल गेम २०१२ मध्ये आला आणि भारतात घरोघरी गेला. चढउतारांवरून जीप न्यायची, मध्ये मध्ये पेट्रोलचे डबे गोळा करायचे, संपलं की डाव संपला. नंबर नाही, प्रतिस्पर्धी नाही. 'रोड फायटर' खेळलेल्या बापांना मुलाच्या फोनमधला तो गेम न शिकता येतो, हे मी पाहिलं आहे.

अलीकडे माझ्याकडे एक तक्रार वारंवार येते, तिचा खुलासा करायला हवा. फोनवर किंवा संगणकावर जुना गेम चालवणारं सॉफ्टवेअर घेऊन लोक 'रोड फायटर' लावतात आणि दोन मिनिटांत हरतात. 'हात गेले आता', 'वय झालं', असं म्हणतात. एकाने तर चष्म्याचा नंबर तपासून घेतला. वयाचा भाग थोडा असेल, पण मुख्य कारण वेगळं आहे आणि ते ऊर्जानगरशी फार जवळून जोडलेलं आहे.

फॅमिकॉमचे गेम चित्राच्या ठेक्यावर चालतात. टीव्हीने एक चित्र रंगवलं की गेम एक पाऊल पुढे सरकतो, रस्ता ठरलेले ठिपके सरकतो, संगीत एक मात्रा पुढे जातं. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं रंगवतो, आपला ५०. हे पन्नास आले विजेतून. टीव्हीची मापं ठरली तेव्हा चित्रांचा ठेका आणि विजेचा ठेका सारखा नसेल तर पडद्यावर काळसर पट्टा हळूहळू सरकताना दिसे. म्हणून ज्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तिथे टीव्हीही पन्नासचा. अमेरिकेत वीज ६० ची म्हणून टीव्ही साठचा, आणि जपानने अमेरिकेचा टीव्ही घेतला. आपल्याकडची वीज ५० ची आहे म्हणजे काय, तर औष्णिक केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. सेकंदाला बरोबर पन्नास.

तर भारतात विकली गेलेली नकली यंत्रं इथल्या टीव्हीसाठी पन्नासच्या ठेक्यावर बसवलेली होती, पण गेम जपानचे, साठसाठी लिहिलेले. त्यामुळे 'रोड फायटर' आपल्याकडे पाच-षष्ठांश गतीने चालला. पडद्यावर चारशे दिसत होते तेव्हा जपानी पोराच्या मानाने आपण ३३३ ने जात होतो. निळी गाडी आडवी यायला आपल्याला पाचव्या हिश्शाने जास्त वेळ देत होती. पेट्रोलही तेवढंच सावकाश उतरत होतं. हातांना ती चाल बसली. आता फोनवरचं सॉफ्टवेअर मूळ जपानी साठच्या गतीने गेम पळवतं, आणि माणसाला वाटतं आपण म्हातारे झालो.

संगणकावरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची जागा असते. तिथे बहुधा तीन नावं दिसतात. 'एनटीएससी' म्हणजे जपान-अमेरिका. 'पाल' म्हणजे युरोपात रीतसर विकलेलं यंत्र, त्याची आतली घडी थोडी वेगळी आहे. आणि तिसरं 'डेंडी', त्या रशियन नकलेच्या नावावरून पडलेलं: चित्रं पन्नास, बाकी शक्य तितकं जपानसारखं. ऊर्जानगरच्या माणसाने तिसरं निवडावं.